मोंती फेस्तच्या आत डिस्प्ले

२४ ऑगस्ट, दुपार

कॉम्प्युटर जोडून झाला. मी जोडला. आयरीन तावरो, वय सदुसष्ट, एकटीने. लिहून ठेवते, कारण पुढे कोणी मान्य करणार नाही.

जूनमध्ये लेविन मस्कतहून आला होता. पहिल्याच जेवणाला त्याने टेकडीवरच्या नन्सच्या होमचा विषय काढला. तिथे डॉक्टर असतो म्हणे, लिफ्ट असते, मासे साफ करून मिळतात. मी म्हटलं, मला माझे हात आहेत मासे साफ करायला. तर म्हणाला, ममा, गॅस संपला तरी तू सेवेरीन आंटीला हाक मारतेस. हे कोण बोलतंय, तर ज्याचं नाक मी सातवीपर्यंत पुसलं तो! मी म्हटलं, मी एकटी काहीही करू शकते. सांग काय करू. तो जेवून मागच्या घरी सेवेरीनकडे जाऊन आला. मग म्हणाला, स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोड आणि मोंती फेस्तला त्यावरून मला कॉल कर. दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. जमलं तर होमचा विषय कायमचा बंद.

म्हणजे आठ सप्टेंबर. मायमरीचा, येशूच्या आईचा वाढदिवस, नव्या भाताचा सण. त्या दिवशी नवी लोंबी या घरात येईल आणि पुढच्या वर्षीही याच घरात, माझ्याच हातून येईल.

भाग हंपनकट्ट्याच्या कामतांच्या दुकानातून आणले. लेविनने फोनवर एकेकाचं नाव सांगितलं होतं. कामत म्हणाले, बाई, मीच जोडून देतो, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, नको. मी कॉन्व्हेंटात फिजिक्समध्ये पहिली होते. ते नमस्कार करून आत गेले.

झाकण लावण्याआधी शेवटची गोष्ट केली. सिस्टर थिओफेननी फिजिक्सच्या पहिल्या नंबराबद्दल दिलेलं मायमरीचं मेडल आत ठेवलं. माझ्या स्वर्गवासी नवऱ्याने, व्हॅलीने, हे घर बांधलं तेव्हा पहिल्या जांभ्या दगडाखाली असंच एक मेडल ठेवलं होतं. त्याच्या स्कूटरच्या सीटखाली एक होतं. लेविन पहिल्यांदा गल्फला गेला तेव्हा बॅगेच्या अस्तरात मी शिवलं होतं. आपल्याकडे असंच करतात. मदरबोर्डच्या मागे आणि पत्र्याच्या मध्ये छान फट आहे, तिथे सरकवलं. दिसत नाही, पडणार नाही. हे यंत्र आता तिच्या झग्याखाली आहे.

उद्या चर्चमधल्या मासनंतर बटण दाबणार.

२५ ऑगस्ट

बटण दाबलं. पंखे फिरले. आत लाल, हिरवे, निळे दिवे लागले, ख्रिसमसच्या गोठ्यासारखे. डोळे भरून आले.

मॉनिटरवर मात्र "नो सिग्नल". ते दोन शब्द या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरताहेत, खलाशी नसलेल्या होडीसारखी.

गरम व्हायला वेळ लागत असेल. बाबांचा रेडिओही आधी गरम व्हायचा, मग बोलायचा. रोझरीची माळ जपून पूर्ण होईपर्यंत थांबले. नो सिग्नल.

सेवेरीन डोकावून गेली. सेवेरीन म्हणजे व्हॅलीची बहीण. आमच्याच कंपाउंडमध्ये, मागच्या छोट्या घरात राहते. त्याआधी ती माझी बाकावरची मैत्रीण. तिच्या घरी भूमितीची वही उतरवायला गेले आणि तिची वहिनी होऊन राहिले. जन्मभर पीटी शिकवली तिने. अजून बोलते ती शिट्टी मारल्यासारखी. कॉम्प्युटरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, वहिनीबाई, पंखा मात्र छान आहे हं. वारा लागतो. पण एवढ्याशा वाऱ्यासाठी एवढं मोठं खोकं?

ती लग्नाआधी मला नुसतं आयरीन म्हणायची. वहिनीबाई म्हणते ते टोमणा मारताना.

२६ ऑगस्ट

मॉनिटर खराब आहे हे उघड आहे.

सेवेरीनचा टीव्हीचा डबा आणून मॉनिटरला जोडला. कानडी मालिका स्वच्छ दिसली. सासू सुनेच्या दुधात काहीतरी टाकत होती. सेवेरीन खुर्ची ओढून बसली ती भाग संपल्यावरच उठली.

म्हणजे मॉनिटर ठीक. मग वायर. पण मालिका त्याच वायरने दिसली.

म्हणजे कामत! त्यांच्या वडिलांकडून माझे वडील रेडिओचे व्हॉल्व्ह आणायचे. दोन पिढ्यांचा विश्वास होता. आतून हललेच.

फोन केला. मदत मागितली नाही, फक्त तत्त्वाचं विचारलं. कामत म्हणाले, आत एखादा सुटा स्क्रू, धातूचं काही राहिलंय का बघा. मी म्हटलं, मिस्टर कामत, माझ्या कामात सुटं काही राहत नाही. मग म्हणाले, बाई, बोर्ड पूर्ण बाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवून चालू करा, लगेच कळेल. मी विचारलं, घर उभं आहे की नाही हे बघायला तुम्ही पाया खणता का? ते गप्प झाले. अपराधी माणूस असाच गप्प होतो.

बोर्ड काढायचा म्हणजे मेडल हलवायचं. तेवढं एकच तर त्या खोक्यात माझ्या बाजूने आहे.

२८ ऑगस्ट

रॅम काढून खोडरबराने घासली. कामतांनीच सांगितलं, पण त्याला मदत म्हणत नाहीत. खोडरबर माझं होतं.

रबराच्या वासाने प्रयोगशाळा आठवली. स्पिरिटचे दिवे, खिडकीबाहेर बकुळ, सिस्टर थिओफेनच्या गुंडाळून सेफ्टी पिन लावलेल्या बाह्या. फळ्यावर दोन रस्ते काढायच्या, एक लांबचा, एक जवळचा. म्हणायच्या, मुलींनो, वीज आळशी मुलीसारखी असते. धातूची जवळची वाट दिसली की सगळं काम टाकून तिकडून पळते. मग उदाहरण म्हणून सेवेरीनला उभं करायच्या. पूर्ण तास. मी पहिल्या बाकावर हात बांधून बसलेली. किती सुंदर शिकवायच्या! एक शब्द विसरले नाही.

रॅम बसवली. नो सिग्नल.

संध्याकाळी सेवेरीन तिचं पोर्क शिजवायचं मोठं पातेलं घेऊन आली. तिच्या आईचं पातेलं ते, मलासुद्धा कधी हात लावू द्यायची नाही. ठेव तुझ्याकडे, म्हणाली, मला आता कुठे एवढं लागतं. पंख्यावरून बोलल्याचं वाईट वाटलं असणार. माफ केलं.

निश्चय: चिडायचं नाही. रोज एक वायर तपासायची.

३० ऑगस्ट

आज नोव्हेना सुरू, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना. मुलं फुलांची तबकं घेऊन चर्चला गेली. माझ्या बागेतली अबोली संपली.

वायरींनी होण्यासारखं हे काम नाही हे माझ्या लक्षात आलंय. फादर मॅक्सिमना आशीर्वाद द्यायला बोलावलं. खोक्याचं झाकण उघडून ठेवलं, आतपर्यंत पोचावा म्हणून. फादरनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला, तोच सेवेरीनने टेबलावरचं प्लास्टिक ओढून कॉम्प्युटरवर फेकलं. थेंब सगळे द्राक्षांच्या चित्रावर. मी म्हटलं, सेवेरीन, हा अपमान आहे. म्हणाली, वहिनी, पवित्र असलं तरी पाणीच आहे ते. फादर हसले. मला हसू आलं नाही.

पण खरं ते पुढेच आहे. जाताना फादर पायऱ्यांवर सेवेरीनला हळूच सांगत होते, नदीकडच्या खिडकीची खोली होमच्या सिस्टर सणापर्यंत राखून ठेवताहेत. मी दारात आलेली दिसताच दोघं फणसाबद्दल बोलायला लागले. ऑगस्ट संपत आला. कुठला फणस?

तर खोली ठरलीसुद्धा. माझी खोली. मला न विचारता, माझ्याच पायऱ्यांवर, माझी कॉफी पिऊन.

एकाच बाकावर बसलो होतो आम्ही. एकच डबा खायचो.

खोक्यात आणखी एक मेडल सरकवलं, संत अंतोनीचं. त्याच फटीत. आता तीच दोघं माझी.

१ सप्टेंबर

कढीलिंब तोडायला मागच्या अंगणात गेले होते. ऐकायला नव्हे. कढीलिंबाचं झाड तिच्या खिडकीला लागूनच आहे, त्याला मी काय करू.

सेवेरीन लेविनशी फोनवर बोलत होती. शब्दन् शब्द असा: तिला आत्ता काही बोलू नकोस, लेवू. सण होऊ दे. जेवण झालं की मीच सांगेन. रडेल थोडी, मग सावरेल.

थोडी!

आता सगळं जुळलं. लेविनने मला मुद्दाम एकमेकांशी न पटणारे भाग सांगितले. कामतांनी मुद्दाम दिले. फादरनी आशीर्वाद मुद्दाम घाईत आटपला. मस्कतपासून हंपनकट्ट्यापर्यंत माणसं उभी केलीत, एका बाईला तिच्या स्वयंपाकघरातून काढायला. पोटचा मुलगा. बॅगेच्या अस्तरात मेडल शिवताना माझं बोट किती वेळा टोचलं होतं.

निश्चय: सेवेरीनशी बोलायचं नाही. तिचं पाठवलेलं खायचं नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने अळूचे पत्रोडे पाठवले. अन्न टाकणं पाप आहे. चार खाल्ले, पण मनापासून नाही.

३ सप्टेंबर

बोर्डावरची गोल बॅटरी काढली, म्हणजे यंत्र जुनं सगळं विसरतं. मी यंत्र असते तर माझीही काढून ठेवली असती. परत बसवली. नो सिग्नल.

सेवेरीन अंगणातून ओरडून विचारत होती, आयरीन, माझ्या कोंबड्या सांभाळशील का गं? आधी घर काढून घ्यायचं, मग वर कोंबड्यांची लाच! मी मान हलवून नाही म्हटलं. तिला पुरेना. म्हणाली, मौनव्रत घेतलंस की काय? सिस्टर थिओफेनसुद्धा उपासाच्या दिवसांत एवढी गप्प नसायची. तोंडाने बोल, दात पेल्यात विसरलीस का?

दात आहेत. पण सांगितलं नाही.

जाताना पायरीवर थांबून भिंत धरून उभी राहिली. नाटक. शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायची ही.

५ सप्टेंबर

लेविनचा फोन. कुठवर आलं, ममा? मी म्हटलं, शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणाला, फोटो पाठव. मी दिव्यांचा पाठवला. वा ममा, आणि डिस्प्ले? मी म्हटलं, डिस्प्लेचं थोडं सेटिंग बाकी आहे. एका अर्थाने खरंच आहे ते.

मग आवाज मऊ करून म्हणाला, ममा, नाही झालं तरी चालेल हं. मी काही धरून बसणार नाही.

ऐका! किती प्रेमाने कापतो.

संत अंतोनीचा पुतळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्याला हरवलेली सुई सापडते. माझा डिस्प्ले सापडत नाही.

७ सप्टेंबर

मी हरलेले नाही. मी माघार घेतेय, त्यात फरक आहे. सणानंतर खोकं कामतांकडे परत. लेविनला काय सांगायचं ते माझं मी बघेन. पण मेडल त्या दगाबाज यंत्रात ठेवून देणार नाही. विश्वासघातक्यांच्या घरात मायमरीने का राहायचं?

झाकण उघडलं. त्या फटीत बोट घातलं तर मेडल हाताला लागेना. खाली घसरलेलं असणार. आत अंधार, माझे डोळे हे असे. नाइलाजाने सेवेरीनला हाक मारली. टॉर्च धरणं म्हणजे हात लावणं नव्हे.

ती आली. दोन्ही हातांनी भिंत धरून, एकेका पायरीवर थांबत. टॉर्च धरला. मी बोर्डाचे स्क्रू काढले. बोर्ड उचलला आणि मागून संत अंतोनी खाली पडला. मायमरी बोर्डाला चिकटून बसली होती, केसांच्या पिनेने सोडवावी लागली. तिची एक कड काळी पडली होती.

सेवेरीन मेडलकडे बघत राहिली. मग बोर्डाकडे. मग माझ्याकडे. विचारलं, आयरीन, हे तू याच्या मागे ठेवलं होतंस? विजेच्या मागे? पत्र्याला लावून?

मी म्हटलं, हो. आशीर्वादाला.

ती म्हणाली, आणि वर्गात उभी मी राहिले.

मी बोर्ड परत बसवला, कारण परत करायचा तर नीट करावा. स्क्रू लावले, वायरी जोडल्या. सवयीने बटण दाबलं. बीप. एक छोटासा, नम्र बीप. आणि पडदाभर अक्षरं. पांढरी, स्वच्छ.

सेवेरीन हसायला लागली. हसता हसता जमिनीवर बसली, डोळे पुसले, परत हसली. म्हणाली, दोन संत आत कोंडलेस तू, मग ती बिचारी वीज पुढे जाणार कुठून? मलाही थोडं हसू आलं. मग तिला उठता येईना. काखेत हात घालून मी तिला उठवायला लागले. आधी खुर्चीला टेकवली, मग भिंतीला. खूप वेळ लागला. गुडघे केवढे सुजलेत तिचे. हे मला माहीत नव्हतं. अंगणापलीकडे राहते ती.

नोव्हेनाच्या शेवटच्या दिवशी मायमरी स्वतः बाहेर आली आणि तिने डिस्प्ले दिला. हा चमत्कार आहे. सेवेरीन म्हणते शॉर्ट सर्किट. तिला फिजिक्समध्ये किती मार्क होते ते मी इथे लिहीत नाही.

निश्चय: उद्या कॉल करेन आणि लेविन, सेवेरीन, फादर, तिघांची तोंडं बघेन.

८ सप्टेंबर, संध्याकाळ

लोंबी घरात आली. नव्या भाताचे दाणे नारळाच्या दुधात वाटले. केळीची पानं मांडली, एक माझं, एक सेवेरीनचं. अळू-अंबाडे, भेंडी, मुगाची खीर. फादर मॅक्सिम सणाची भेट म्हणून डोकावले, मी त्यांनाही बसवून घेतलं. साक्षीदार हवा होता.

रात्री जागून कामतांनी भागांबरोबर दिलेल्या पेनड्राइव्हवरून सगळे प्रोग्रॅम भरले होते. कॉल लागला. पडद्यावर लेविन, सून, नात. मी आधीच पाकिटातून पाठवलेले दाणे त्यांनी तिथे दुधात टाकले होते. मस्कतला नाकावर खीर लागलेली नात इथे मला बशीएवढी मोठी दिसली. माझ्या पडद्यावर. मी जोडलेल्या.

लेविनने पडद्यापाशी येऊन दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, मानलं, ममा. होमचा विषय बंद. शब्द म्हणजे शब्द.

मी सेवेरीनकडे वळले, तिचं पडलेलं तोंड बघायला.

ती पानावरून उठली नव्हती. हात पुसत म्हणाली, तुझा बंद झाला. माझा राहिलाय.

नदीकडच्या खिडकीची खोली तिची आहे. तिनेच मागितली, फादरनी शब्द टाकला, लेविनने बाकीचं बघितलं. पायऱ्या होत नाहीत आता, आयरीन, म्हणाली. अंघोळीला जायची भीती वाटते. तिथे लिफ्ट आहे. पुढच्या महिन्यात जाते. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मी जात नाही.

आणि कॉम्प्युटर? मी विचारलं.

फादर पानाकडे बघायला लागले. पडद्यावर लेविन म्हणाला, ते आंटीचंच डोकं होतं, ममा. जूनमध्ये विषय मी काढला तो तुम्हा दोघींसाठी. तू भडकलीस. मग आंटी म्हणाली, ती यायची नाही. पण माझ्यानंतर एकटी राहू शकेल की नाही तेवढं मला बघू दे. तिला काहीतरी अवघड करायला सांग.

सेवेरीन म्हणाली, आता मला काळजी नाही. गॅसचं तेवढं शिकून घे.

मी रडले नाही. खीर खाली लागली होती, त्याचा धूर झाला. कॉल संपल्यावर कोंबड्यांचं विचारलं. दाणे सकाळी घालायचे, पाणी दोनदा. लाल कोंबडी चोच मारते.

मला सगळ्यांनी फसवलं हे मी आधीच लिहिलं होतं. ते बरोबरच निघालं.

१० सप्टेंबर

मासनंतर फादरना विचारलं, नदीकडच्या त्या खोलीत पलंग किती मावतात. केवळ माहिती म्हणून. म्हणाले, दोन. दुसरा रिकामाच आहे. पण सिस्टर तो एकटीला न जमणाऱ्या बाईलाच देतात. तुमचं तर उत्तम चाललंय, सगळ्या वाडीत बोलबाला आहे. मी म्हटलं, हो, उत्तम.

कॉम्प्युटर सुंदर चालतो. पडदा स्वच्छ. खुर्चीतून सेवेरीनच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. ती कपाट आवरतेय. संत अंतोनीचं तोंड परत इकडे फिरवलं.

मेडल चिंचेने घासून लखलखीत केलं. काळी कड तेवढी गेली नाही. आत्ता ते माझ्या हातात आहे.

खोक्याचं बाजूचं झाकण आज उघडंच ठेवलंय. हवा खेळावी म्हणून.